बेटकुळी वर सरकते तेव्हा : खेळाडूंच्या कंडरा-शस्त्रक्रियेची पार्श्वभूमी

कबड्डीत पकड करताना वाकलेला कोपर हिसक्याने सरळ होतो, 'फट्' असा आवाज येतो आणि दंडाची बेटकुळी खांद्याकडे सरकते. मुंबईच्या मैदानांवर त्याला एकच नाव आहे : 'स्नायू दुखावला'. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

सुश्रुतसंहितेत पेशी 500, स्नायू 900 आणि कंडरा (मांसपेशीला हाडाशी जोडणारी दोरी) 16 अशी वेगवेगळी मोजदाद आहे. तिथला स्नायू म्हणजे बांधून ठेवणारा तंतू. पुढे मराठीत स्नायू म्हणजे मांसपेशी झाली, पेशी सूक्ष्मदर्शकाखाली गेली आणि कंडरा पाठ्यपुस्तकातच राहिली. हा निव्वळ शब्दांचा कीस नाही. दुखावलेल्या स्नायूला बहुधा विश्रांती पुरते, पण हाडापासून सुटलेली कंडरा वर ओढली जाते. दोन-तीन आठवड्यांनंतर तिला मूळ जागी आणणं अवघड होत जातं. नेमके हेच दिवस लेप, शेक आणि मालिश यांत निघून जातात.

त्यात 2004 साली शहराच्या लाडक्या फलंदाजाचा, सचिन तेंडुलकरचा, डावा कोपर दुखू लागला. मे 2005 मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि 'टेनिस एल्बो', म्हणजे कोपराच्या कंडरेची झीज, घरोघरी पोचला. आधी विश्रांती, अगदीच नाइलाज झाला तर शस्त्रक्रिया, हे लोकांच्या मनात पक्कं बसलं. झिजलेल्या कंडरेसाठी ते बरोबर आहे, तुटलेल्या कंडरेसाठी नाही.

खांद्याची फाटलेली कंडरा शिवण्याची सुरुवातीची शस्त्रक्रिया 1909 मध्ये बॉस्टनला झाली. बेटकुळीची कंडरा कोपराकडच्या टोकाला पुन्हा जोडण्याचा वाद मात्र अजून मिटलेला नाही : चीर एक द्यायची की दोन? एका चिरेत मज्जातंतू दुखावतात, म्हणून 1961 मध्ये दोन चिरांची पद्धत मांडली गेली. तिच्यात कधी कधी हाताच्या दोन हाडांमध्ये नवं हाड धरून पंजा वळेनासा होतो. कंडरा हाडाशी धरून ठेवायला हाडात बसणारे अँकर आणि 2000 च्या सुमारास धातूचं बटण आलं, तेव्हा एक चीर पुन्हा पुढे आली.

कंडरा शिवलीच नाही, तर कोपर वाकवण्याची ताकद सुमारे 30 टक्के आणि तळहात वर वळवण्याची 40 टक्के घटते, असं 1985 मध्ये नोंदवलं गेलं. टेबलावर बसून काम करणाऱ्याचं तेवढ्यावर भागेल. कबड्डीतल्या कोपरा रक्षकाचं किंवा मल्लखांबपटूचं कसं भागणार?

कंडरा सुटली आहे का हे ओळखण्याच्या, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीला यंत्र लागत नाही. कोपर काटकोनात, तळहात स्वतःकडे, आणि तपासणाऱ्याचं बोट बाहेरच्या बाजूने कोपरापुढच्या ताठ दोरीखाली. अडकवायला दोरीच लागली नाही, तर कंडरा सुटलेली असते.