शौमरी अभयारण्य

जॉर्डनच्या पूर्वेकडील वाळवंटात, अझरक मरूद्यानाजवळ असलेले कुंपणबंद अभयारण्य. राजधानी अम्मानपासून ते साधारण १०० किमी. अंतरावर आहे. रॉयल सोसायटी फॉर द कॉन्झर्व्हेशन ऑफ नेचर या संस्थेने १९७५ मध्ये त्याची स्थापना केली. क्षेत्रफळ अवघे २२ चौ. किमी. येथे रानगाढवे आणि चिंकाराच्या जातकुळीतले कुरंगही दिसतात, पण पर्यटक येतात ते मुख्यतः अरबी ओरिक्ससाठी.

अरबीत ‘महा’ म्हणून ओळखला जाणारा हा पांढरा कुरंग खांद्यापाशी सुमारे एक मीटर उंच असतो. शिंगे लांब, जवळजवळ सरळ आणि नर-मादी दोघांनाही असतात. सांबर-चितळांच्या शिंगांसारखी ती दरसाल गळत नाहीत. मोटारी आणि बंदुका वाळवंटात पोहोचल्या तसा ओरिक्स संपत गेला. १९७२ मध्ये ओमानमध्ये उरलेल्या शेवटच्या रानटी ओरिक्सांची शिकार झाली. ती वेळ येणार हे ओळखून १९६२ मध्येच काही प्राणी पकडण्याची मोहीम निघाली होती. ॲरिझोनातील फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात जेमतेम नऊ ओरिक्सांपासून कळप वाढवला गेला. अमेरिकेत वाढलेले ओरिक्स १९७८ मध्ये शौमरीत आले.

कुंपणातल्या जागेला रान म्हणावे का, ही शंका रास्त आहे. ओरिक्स मुळात पावसाचा माग काढत दूरदूर भटकणारा प्राणी. इथे ते शक्य नाही. मात्र ओमानचा अनुभवही विसरता येत नाही. तिथे १९८२ मध्ये ओरिक्स मोकळ्या वाळवंटात सोडले गेले, १९९४ मध्ये तो प्रदेश जागतिक वारसा ठरला. पण चोरट्या शिकारीने कळप रोडावले, सरकारने संरक्षित क्षेत्र सुमारे ९० टक्क्यांनी घटवले आणि २००७ मध्ये तो वारसा यादीतून वगळला गेला. यादीतून बाद झालेले ते पहिलेच स्थळ. शौमरीचे कुंपण मेंढ्या-उंटांनाही बाहेर ठेवते; चराई थांबल्यावर आतली झुडपे सावरली.

अभयारण्यात संस्थेच्या वाहनातून फेरी मारता येते. हिवाळा किंवा वसंत ऋतू, त्यातही सकाळ किंवा उतरती दुपार सोयीची. कडक उन्हात ओरिक्स झुडपाच्या सावलीत खुरांनी खळगा करून बसून राहतो, त्यामुळे भर दुपारी गेलेल्याची निराशा होण्याचाच संभव अधिक. प्राणी अगदी आडवा उभा राहिला, तर दोन शिंगे एकाआड एक येऊन एकच दिसते. एकशिंगी घोड्याची दंतकथा यातूनच निघाली असावी, असे काही जण मानतात.