डीव्हीडी भंगारात काढायची घाई नको

‘ब्लू-रे प्लेअर घेतला की जुन्या डीव्हीडी बाद’ हा समज २००६ मध्ये ब्लू-रे ही डीव्हीडीहून स्पष्ट चित्र देणारी डिस्क बाजारात आल्यापासून फिरतो आहे. तो चुकीचा आहे. जवळपास सगळे ब्लू-रे प्लेअर डीव्हीडीही चालवतात, वर तिचं चित्र मोठ्या पडद्याच्या मापाला ताणूनही देतात. अडचण उलट बाजूने येते: ब्लू-रे डिस्क डीव्हीडी प्लेअरवर चालत नाही.

आता चित्राचं. पाल या भारतात वापरल्या गेलेल्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीत ७२० × ५७६ ठिपके, ब्लू-रेत १९२० × १०८०, ब्लू-रेच्या पुढची पायरी असलेल्या फोर-के डिस्कवर ३८४० × २१६०. आकडे बघून मोह होतोच! पण मूळ चित्रीकरणातच तपशील नसेल तर डिस्क तो आणणार कुठून? ३५ मिमी फिल्मवरचा सिनेमा नव्याने नीट स्कॅन केला तर फरक डोळ्यांत भरतो. जुन्या व्हिडिओ टेपवर चित्रित झालेल्या मालिकेत मात्र फारसं काही हाती लागत नाही. कित्येक फोर-के डिस्क तर टू-के मास्टरवरूनच, म्हणजे साधारण ब्लू-रेइतक्याच ठिपक्यांच्या मूळ प्रतीवरून, वाढवलेल्या असतात. तिथे फायदा असलाच तर एचडीआरच्या, म्हणजे उजेड-अंधाराचा आवाका वाढवणाऱ्या तंत्राच्या, रंगांचा.

मी तरी सगळा संग्रह बदलणार नाही. वारंवार बघतो ते मोजके, फिल्मवरचे सिनेमे तेवढे नवे घेईन. आणि जुनी डिस्क विकण्याआधी तिच्यावरची सबटायटल्स, मुलाखती नवीत आहेत का ते बघा. कधीकधी त्या गाळलेल्या असतात.