आठ हजार मीटर खोलीवरचा मऊ मासा

नागपूरकरांचा रोजचा मासा म्हणजे रोहू, कतला. तळ्यातला नाहीतर धरणातला. रोहू चिरला की पोटातून हवेने भरलेला पांढरा फुगा निघतो. त्याच्या आधाराने मासा पाण्यात तरंगता राहतो. मारियाना स्नेलफिशच्या पोटात हा फुगा नसतो. असता, तर तो राहतो तिथे हवा चेपून त्याचा काहीच उपयोग उरला नसता.

हा मासा प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेत, सुमारे ६,२०० ते ८,००० मीटर खोलीवर आढळतो. तिथे पूर्ण काळोख, बर्फासारखं गार पाणी आणि आठ हजार मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८०० किलोंचा भार. २०१७ मध्ये त्याला 'स्यूडोलिपॅरिस स्वायरी' हे शास्त्रीय नाव मिळालं. १८७५ मध्ये या गर्तेची खोली पहिल्यांदा मोजणाऱ्या 'चॅलेंजर' जहाजावर हर्बर्ट स्वायर नावाचे अधिकारी होते, त्यांच्यावरून.

एवढा भार सोसणारा प्राणी चिलखती असेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात हा वीतभर, फिकट गुलाबी, बिनखवल्यांचा मासा आहे. कातडी इतकी पातळ की आतलं यकृत दिसतं. हाडं पुरती टणक होत नाहीत, कवटीसुद्धा पूर्ण जुळत नाही. २०१९ मध्ये त्याची जनुकं तपासली, तेव्हा हाडांत कॅल्शियम बसवण्याशी संबंधित एक जनुक निकामी झालेलं आढळलं. मला या माशाचं सगळ्यात मोठं अप्रूप इथेच वाटतं. पाणी दाबाने फारसं आकसत नाही. शरीरात हवेची पोकळी नसेल आणि आतबाहेर दाब सारखा असेल, तर कवच हवंच कशाला?

खरा धोका पेशींतल्या प्रथिनांना असतो. प्रचंड दाबाखाली त्यांचा आकार बिघडतो, कामं अडतात. त्यावर उपाय म्हणजे ट्रायमिथाइलअमीन ऑक्साइड हे रसायन, जे प्रथिनांना सावरून धरतं. बर्फातून नागपूरला येणाऱ्या सुरमईला जो वास येतो आणि ताज्या रोहूला येत नाही, तो बराचसा याच रसायनाच्या विघटनातून येतो. मासा जितक्या खोलीवरचा, तितकं हे रसायन त्याच्या अंगात जास्त.

पण ते वाढवत नेण्यालाही मर्यादा आहे. माशांच्या अंगातले द्रव समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी खारट असतात. हे रसायन वाढत गेलं की सुमारे ८,२०० ते ८,४०० मीटरवर ही तफावत संपते, आणि त्याखाली बाहेरचं पाणी शरीरात शिरू लागेल. १९६० मध्ये 'ट्रीएस्ट' पाणबुडीतून गर्तेच्या जवळजवळ ११ किलोमीटर खोल तळाशी उतरलेल्या झाक पिकार यांनी तिथे चपटा मासा पाहिल्याचं सांगितलं होतं. ते शास्त्रज्ञांना पटत नाही, त्याचं एक कारण हेच. २०२२ मध्ये जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत याच कुळातला एक मासा ८,३३६ मीटरवर कॅमेऱ्यात आला, म्हणजे त्या गणिताच्या अगदी काठावर.

स्नेलफिशचं मुख्य खाद्य असलेले अँफिपॉड, म्हणजे कोळंबीसारखे छोटे जीव, मात्र थेट तळापर्यंत आहेत. त्यांच्या अंगातले द्रव मुळातच समुद्राइतके खारट असल्याने ही मर्यादा त्यांना लागू होत नाही.