तोच फ्लॅट, तीच किंमत. गाव बदललं की खर्च बदलतो

घर बघायला निघालेली मंडळी आधी स्क्वेअर फुटाचा भाव विचारतात. साहजिक आहे, मुलुंडच्या निम्म्याहून कमी भावात बदलापूरला घर मिळतं. पण खिशातून एकूण किती जाणार, हे भावावरून कळत नाही. कर आणि शुल्कही जागेप्रमाणे बदलतात.

जीएसटीचंच बघा. बांधकाम चालू असलेल्या घरावर तो 5 टक्के, ‘परवडणाऱ्या घरां’वर 1 टक्का. सवलतीसाठी किंमत 45 लाखांपर्यंत हवी आणि कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, मुंबई महानगर प्रदेशात 60 चौरस मीटरपर्यंत, पुणे-नाशिक-नागपूरला 90 पर्यंत. आता 65 चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे 700 स्क्वेअर फुटांचा, 44 लाखांचा फ्लॅट घ्या. बदलापूरला जीएसटी 2 लाख 20 हजार, नाशकात 44 हजार! लोकलने तास-दीड तास लागला तरी या हिशेबात बदलापूर मुंबईतच मोडतं. आणि पार्किंगचे दोन लाख बिल्डरने वेगळे लावले, तर नाशकातलं घरही 45 लाखांच्या वर जाऊन 5 टक्क्यांत येतं. बुकिंगची रक्कम देण्याआधी हे विचारून घ्या. ओसी, म्हणजे राहायला जाण्याच्या परवानगीचा दाखला, मिळालेल्या तयार घराला जीएसटी लागत नाही.

मुद्रांक शुल्कात उलटा प्रकार आहे. मुंबईत 6 टक्के, ठाणे आणि पुणे शहरात 7. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर 1 टक्का कमी. करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराची, किंमत यांत जी जास्त, तिच्यावर शुल्क भरावं लागतं.

खरी ओढाताण होते ती हातातल्या पैशांची. 30 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत देऊ शकते, 75 लाखांपर्यंत 80 टक्के, त्यापुढे 75. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी या किमतीत सहसा धरत नाहीत. ठाण्यातल्या 80 लाखांच्या तयार घराला स्वतःचे 16 लाख, शुल्काचे 5 लाख 60 हजार, नोंदणीचे 30 हजार: जवळपास 22 लाख रोख तयार हवेत. इंटीरियरचं नंतर बघू.

लांबचं घर घेताना रेल्वेचा पास, स्टेशनपर्यंतची रिक्षा आणि सोसायटीचा मेंटेनन्स हप्त्याशेजारी लिहून काढा. उन्हाळ्यात टँकर किती येतात, ते वॉचमनला विचारा. सेल्स ऑफिसात सांगणार नाहीत.

दोन-तीन ठिकाणांचा खर्च शेजारी शेजारी मांडून हवा असेल, तर बिल्डरची कॉस्ट शीट आणि सहा महिन्यांच्या सॅलरी स्लिप घेऊन आमच्याकडे या. आकडेमोडीचे पैसे आम्ही घेत नाही.