एकही रोमन अक्षर नसलेली एक्सएमएल फाईल

<भाजी><नाव>मेथी</नाव><भाव>२०</भाव></भाजी>

एवढंच टाईप करून युटीएफ-८ मध्ये (युनिकोडमधली अक्षरं साठवायची एक पद्धत) सेव्ह केलं की झाली नियमात बसणारी पूर्ण एक्सएमएल फाईल, आत एकही रोमन अक्षर नाही. एक्सएमएल म्हणजे कोनी कंसातल्या अशा खुणांनी, म्हणजे टॅगांनी, माहितीला नावं देऊन साठवायची पद्धत. मला हे अजूनही भारी वाटतं, कारण हा नियम १० फेब्रुवारी १९९८ चा आहे आणि तेव्हा मराठी साईट बघायची म्हणजे बहुतेक वेळा आधी त्या साईटचा फॉन्ट डाउनलोड करायचा, नाहीतर स्क्रीनवर रोमन अक्षरांची नुसती खिचडी. एक्सएमएलने मात्र पहिल्यापासूनच सांगून टाकलं की प्रत्येक पार्सरला, म्हणजे फाईल वाचून तिचे भाग ओळखणाऱ्या प्रोग्रामला, युनिकोड (जगातल्या सगळ्या लिप्यांची अक्षरं असलेली सामायिक यादी) वाचता आलंच पाहिजे.

याच्या आधी टॅगांचीच एसजीएमएल ही पद्धत होती, १९८६ चं आयएसओ स्टँडर्ड. ताकद प्रचंड पण सवलतीही तेवढ्याच, म्हणजे बंद करणारा टॅग गाळला तरी चालायचं, मग पॅरा नक्की कुठे संपला हे कळायला प्रोग्रामला आधी डीटीडी नावाची नियमावली वाचावी लागायची. वेबवर कोण एवढा खटाटोप करणार? १९९६ मध्ये सन मायक्रोसिस्टम्सच्या जॉन बोसॅकने डब्ल्यूथ्रीसीत, म्हणजे वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेत, ११ जणांचा गट जमवला आणि त्यांनी ऑगस्ट ते नोव्हेंबर एवढ्यात एक्सएमएलचा पहिला मसुदा काढला पण. काम काय, तर मुख्यतः काटछाट! उघडलेला प्रत्येक टॅग बंद करायचाच, बस. त्यामुळे वरच्या फाईलमध्ये भाव हा भाजीच्या पोटात आहे हे डीटीडी न बघताच कळतं.

१९९७ मध्ये मोठा वाद झाला तो चुकांवरून. वेबपानांच्या एचटीएमएलमध्ये टॅग चुकला तरी ब्राउझर अंदाज बांधून पान दाखवतो, आणि प्रत्येक ब्राउझरचा अंदाज वेगळा. एक्सएमएलवाल्यांनी ठरवलं, अंदाज बांधायचाच नाही, चूक दिसली की एरर सांगायची आणि तिथेच थांबायचं. खूप लोकांना हे जाचक वाटलं, मला विचाराल तर हाच निर्णय सगळ्यात चांगला होता, कारण पार्सर लिहिणं एकदम सोपं झालं. एक्सएमएलच्या नियमांच्या संपादकांपैकी टिम ब्रेने जावा भाषेत लार्क नावाचा पार्सर लिहिला, जेम्स क्लार्कने सी भाषेत एक्सपॅट, आणि मे १९९८ मध्ये डेव्हिड मेगिन्सनच्या पुढाकाराने सॅक्स आलं, म्हणजे पार्सरने प्रोग्रामला काय वाचलं ते कसं सांगायचं याची सामायिक पद्धत. सॅक्सचं काम एसटीच्या कंडक्टरसारखं, फाईल वाचत जायची आणि ओरडत जायचं: भाजी सुरू, नाव सुरू, मेथी, नाव संपलं! अख्खी फाईल मेमरीत ठेवायची गरजच नाही. नंतर १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये एक्सएसएलटी, म्हणजे एक्सएमएलचं रूप बदलायची भाषा, आली आणि एकाच फाईलमधून वेबचं पान वेगळं, छपाईचं वेगळं असं काढता यायला लागलं.

एक अडचण राहिलीच होती. टॅगच्या नावात कुठली अक्षरं चालतील याची यादी युनिकोड २.० वरून केलेली, आणि आपला ॲ युनिकोडमध्ये आला २००८ मध्ये. म्हणजे मजकुरात ॲ चालेल पण <ॲप> असा टॅग नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एक्सएमएलच्या नियमांची पाचवी आवृत्ती आली, तिने ही मोजून दिलेली यादी काढून टाकली आणि ॲ ला दार उघडलं. पण एक्सपॅट आजही चौथ्या आवृत्तीप्रमाणे चालतो, आणि पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा तिच्या सोबत येणाऱ्या एक्सएमएल साधनांसाठी आतून एक्सपॅटच वापरते, त्यामुळे पायथॉनला भाजी दिली तर तो निमूट वाचतो आणि <ॲप> दिला की पहिल्याच अक्षराला एरर देऊन थांबतो.