मोहीम आणि यंत्रणा : सीरियातील दोन 'संयुक्त' प्रयत्न

सीरियातील रासायनिक अस्त्रांविषयी वाचताना 'संयुक्त मोहीम' आणि 'संयुक्त तपास यंत्रणा' या दोन नावांची हमखास गल्लत होते. दोन्ही संयुक्त राष्ट्रे आणि हेग येथील रासायनिक अस्त्र प्रतिबंधक संघटना, म्हणजे ओपीसीडब्ल्यू, यांनी मिळून चालवल्या. पण पहिलीचे काम साठा नष्ट करवून घेण्याचे होते, तर दुसरीचे दोषी कोण हे ठरवण्याचे.

ऑगस्ट २०१३ मध्ये दमास्कसजवळ घौटा येथे सरीन या मज्जासंस्थेवर आघात करणाऱ्या विषारी रसायनाचा हल्ला झाला, त्यानंतर सीरिया रासायनिक अस्त्रबंदी करारात सामील झाला आणि ऑक्टोबरमध्ये डच मुत्सद्दी सिग्रिड काग यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त मोहीम सुरू झाली. तपासणी आणि पडताळणी ओपीसीडब्ल्यूकडे होती. सुरक्षा, वाहतूक आणि वाटाघाटींचा भार मुख्यतः संयुक्त राष्ट्रांवर होता. युद्ध पेटलेले असताना सुमारे १,३०० टन रसायने देशाबाहेर काढली गेली व शेवटची खेप २३ जून २०१४ रोजी लताकिया बंदरातून निघाली. त्यातली सर्वांत घातक रसायने 'केप रे' या अमेरिकी जहाजावर, भर समुद्रात, टायटॅनियमच्या टाक्यांमध्ये पाण्याशी अभिक्रिया घडवून निष्प्रभ करण्यात आली. हे यश खरोखर मोठे होते, परंतु ते सीरियाने स्वतः जाहीर केलेल्या साठ्यापुरतेच होते, हे विसरता कामा नये.

हल्ले थांबले नाहीत. ओपीसीडब्ल्यूचे सत्यशोधन पथक विषारी रसायन वापरले गेले की नाही एवढेच सांगू शकत होते, कोणी वापरले हे सांगण्याचा अधिकार त्याला नव्हता. म्हणून सुरक्षा परिषदेने ऑगस्ट २०१५ मध्ये ठराव २२३५ द्वारे तपास यंत्रणा नेमली. तिने काही हल्ल्यांसाठी सीरियन सरकारला, तर काहींसाठी 'इस्लामिक स्टेट'ला जबाबदार धरले.

दोन्ही कामांचा धागा एका ठिकाणी मात्र जुळतो, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एप्रिल २०१७ मध्ये खान शेखून या सीरियातील गावावरील हल्ल्यात वापरलेल्या सरीनमधील अशुद्धी प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या, तेव्हा त्या सीरियाच्या मूळ साठ्यातील 'डीएफ' या पूर्वरसायनाच्या, म्हणजे ज्यापासून सरीन बनते त्या रसायनाच्या, नमुन्यांशी जुळल्या. जो साठा संपला असे मानले जात होते, त्याचीच खूण मृतांच्या गावात सापडली.

यंत्रणेने सीरियन सरकारला दोषी ठरवल्यानंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबर २०१७ मध्ये, रशियाच्या नकाराधिकारामुळे तिची मुदत वाढली नाही. जून २०१८ मध्ये ओपीसीडब्ल्यूच्या सदस्य राष्ट्रांनी बहुमताने दोषनिश्चितीचे काम त्या संघटनेकडेच सोपवले.