एचिंग की ड्रायपॉइंट? सरी बघा, वरंबा बघा

प्रिंटमेकिंगच्या स्टुडिओत दोन प्रिंट्स शेजारी वाळत असतात, एक एचिंगची, एक ड्रायपॉइंटची. दोन्हींवर धातूच्या प्लेटच्या कडेचा दबलेला चौकोन, दोन्हींची शाई काळी, दोन्हींतल्या रेघा निडलच्या. पहिल्या वर्षाची मुलं दोन्हींना बिनधास्त ‘एचिंग’ म्हणून मोकळी होतात.

खरा प्रश्न एवढाच, की धातू कोरला कोणी?

एचिंगमध्ये ॲसिडनं. झिंकच्या प्लेटवर मेण, डांबर आणि राळेचा ग्राउंड, म्हणजे ॲसिड अडवणारा थर, चढवायचा. निडल फक्त तो ग्राउंड खरवडते, त्यामुळे हात कागदावर पेन्सिल फिरावी तसा सैल फिरतो. मग प्लेट पातळ केलेल्या नायट्रिकमध्ये. (पातळ करताना आधी पाणी, मग ॲसिड. उलट कधीच नाही.) रेघांवर बुडबुडे जमतात, ते पिसानं हलकेच सारायचे. फिकी हवी ती रेघ थोड्या वेळानं बाहेर काढून वॉर्निशनं झाकायची आणि उरलेली प्लेट पुन्हा आत सोडायची. रेघेची खोली ठरते ती वेळेवर. हाताच्या जोराचा तिथे संबंध नाही.

ड्रायपॉइंटमध्ये ॲसिडच नाही, म्हणून तर तो ‘ड्राय’. टोकदार सुई थेट धातूत घुसवायची. शेतात नांगर फिरला की सरीच्या कडेला वरंबा उठतो ना, तसा इथे चरीच्या काठाला धातूचा खरखरीत वरंबा उठतो. त्याला म्हणतात बर. एचिंगची शाई सरीत बसते. ड्रायपॉइंटची बरीचशी या वरंब्याला धरून राहते. म्हणून भिंगातून एचिंगची रेघ स्वच्छ आणि टोकाला बोथट दिसते, तर ड्रायपॉइंटची मखमली, कडेला शाई पसरल्यासारखी.

‘सोपं आहे, ॲसिड नको’ म्हणून नवख्यांना आधी ड्रायपॉइंट देतात, ते मला पटत नाही. धातू विरोध करतो, वळणावर सुई अडते. शिवाय प्रेसखाली बर चेपत जातो. साध्या तांब्याच्या प्लेटवर 10-20 चांगल्या प्रती निघाल्या तरी खूप. एचिंगची प्लेट त्याच्या कितीतरी पट टिकते. म्हणजे ड्रायपॉइंटमध्ये 1/15 (पंधरांतली पहिली प्रत) आणि 15/15 (शेवटची) यांच्यातला फरक डोळ्यांना दिसू शकतो. मलमलीनं शाई पुसतानाही हात हलका ठेवावा लागतो, नाहीतर प्रूफ (चाचणीच्या प्रती) काढण्यातच बर संपायचा.

डच चित्रकार रेम्ब्रांनं 1653 मध्ये ‘थ्री क्रॉसेस’ हे प्रिंट जवळजवळ सगळं ड्रायपॉइंटनं केलं. प्लेट झिजल्यावर त्यानं तीच खरवडून नव्यानं इतकी कोरली, की चित्रच बदललं.

भिंगात बर दिसला म्हणून लगेच निकाल मात्र देऊ नका. रेम्ब्रांच्याच ‘हंड्रेड गिल्डर प्रिंट’मध्ये एचिंगवर ड्रायपॉइंट चढवलेला आहे, आणि तुमच्या वर्गातही बाइट कमी पडलेल्या, म्हणजे ॲसिडनं पुरेशा न खाल्लेल्या रेघा कोणीतरी सुईनंच गडद करत बसलेलं असणार.